बंद मॉडेल, चालू हिशेब

व्यापारी घरांत एखादी वस्तू बाजारभावापेक्षा स्वस्त मिळू लागली की पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘स्वस्त का?’ हा. पोत्यात हात घालून दाणा पाहणारा भुसार व्यापारी किंवा ताका उलगडून काठ तपासणारा कापड व्यापारी हा प्रश्न कधी विसरत नाही. जुनी मोटार घेताना मात्र तोच व्यापारी रंगाची झळाळी आणि सांगितलेली किंमत एवढ्यावरच निर्णय घेतो, असे पुष्कळदा दिसते. उत्पादन बंद झालेल्या मोटारीच्या बाबतीत ही घाई अधिक महाग पडते. कारण अशा गाडीत प्रत्यक्ष दोष काहीच नसला तरी तिचा भाव उतरलेला असतो, आणि तो का उतरला हे गाडीचे झाकण उघडून कळत नाही.

बारामती व इंदापूर तालुक्यांतील व्यापारी कुटुंबाची मोटारीची गरज साधारण ठरलेली असते. घर ते दुकान, महिन्यातून दोन-तीन वेळा पुण्याची खरेदी, दहिगावचे दर्शन आणि लग्नसराईतील प्रवास. बारामतीहून भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी या मार्गाने इंदापूरला जाताना गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे चालावे लागते. रस्त्याच्या कडा खचलेल्या असतात आणि रात्री मागचा दिवा नसलेली ट्रॉली एकाएकी समोर येते. अशा ठिकाणी थोडी उंच, भक्कम, चांगल्या ब्रेकची आणि बाजारपेठेच्या बोळात वळेल इतकी आटोपशीर गाडी हवी असते. छोट्या एसयूव्हीला आपल्या भागात मागणी आहे ती यामुळेच.

या प्रकारातील बंद झालेल्या गाड्यांमध्ये फोर्ड कंपनीची इकोस्पोर्ट ही सर्वांत परिचित होय. जून २०१३ मध्ये ती भारतीय बाजारात आली. लांबी चार मीटरच्या आत, जमिनीपासूनची उंची २०० मिलिमीटर, मागच्या दाराला टांगलेले जादा चाक आणि वरच्या श्रेणीत सहा एअरबॅग अशी तिची ओळख होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. ९ सप्टेंबर २०२१ रोजी कंपनीने भारतातील मोटारनिर्मिती थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. निर्यातीची उरलेली मागणी पूर्ण करून २०२२ मध्ये चेन्नईजवळच्या कारखान्यातील हे उत्पादनही संपले. गुजरातमधील साणंदचा कारखाना जानेवारी २०२३ मध्ये टाटा समूहाकडे गेला. जुन्या ग्राहकांना सेवा व सुटे भाग पुरवत राहू, असे कंपनीने जाहीर केले होते आणि त्यासाठीची व्यवस्था चालूही राहिली. चेन्नईचा कारखाना निर्यातीसाठी पुन्हा वापरण्याचा मनोदय कंपनीने २०२४ मध्ये व्यक्त केला. पण त्या आशेवर आज जुन्या गाडीला चढा भाव देणे शहाणपणाचे नाही.

बंद होण्याचे प्रकार

‘मॉडेल बंद झाले’ या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या अवस्था दडलेल्या असतात.

पहिली अवस्था म्हणजे मॉडेल गेले, पण कंपनी आणि तिचा ढाचा दोन्ही राहिले. महिंद्राची टीयूव्ही ३०० ही गाडी सप्टेंबर २०१५ मध्ये आली आणि २०२० मध्ये बीएस-६ नियमांच्या वेळी बंद झाली. परंतु जुलै २०२१ मध्ये त्याच ढाच्यावर बोलेरो निओ आली. अशा गाडीचे अनेक भाग नव्या नावाच्या गाडीमुळे तयार होत राहतात. मारुतीच्या विटारा ब्रेझाचे डिझेल इंजिनही २०२० मध्ये बंद झाले, पण कंपनीची सेवाकेंद्रे तालुक्यापर्यंत आहेत आणि त्या जातीचे इंजिन अनेक गाड्यांत बसवले गेल्याने ते न ओळखणारा मिस्त्री विरळाच.

दुसऱ्या अवस्थेत कंपनी देशातील विक्री थांबवते, पण सेवेची व्यवस्था मागे ठेवते. इकोस्पोर्ट या वर्गात येते. शेवरोले गाड्या बनवणाऱ्या जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली, तिचाही समावेश यातच होतो. तिचा आपल्या जिल्ह्यातील तळेगावचा कारखाना जानेवारी २०२४ मध्ये ह्युंदाईकडे गेला.

तिसरी अवस्था सर्वांत कठीण. कंपनीच मोटारींच्या धंद्यातून उठते आणि रस्त्यावर गाड्याही मोजक्याच उरतात. याचे उदाहरण इंदापूरकरांना जवळचे आहे. ज्यांच्या नावाने वालचंदनगर वसले त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. त्याच कंपनीने २००९ च्या अखेरीस चिंचवडला ‘रिओ’ ही चार मीटरच्या आतील एसयूव्ही काढली. आज ज्या वर्गाला छोटी एसयूव्ही म्हणतात, त्यातील ती देशातील अगदी पहिली. परंतु ती फारशी खपली नाही. आता तिच्या दाराची काच फुटली तरी मालकाला भंगारबाजार धुंडाळावा लागेल.

याच कंपनीची पद्मिनी मात्र उत्पादन थांबल्यानंतरही वर्षानुवर्षे मुंबईत टॅक्सी म्हणून धावली. नोंदणी असलेली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. एकाच कारखानदाराच्या दोन गाड्यांच्या नशिबात इतका फरक का पडला? पद्मिनी हजारोंच्या संख्येने रस्त्यावर होती, म्हणून तिचे भाग बनवणारे, विकणारे आणि बसवणारे यांचे पोट तिच्यावर चालत होते. रिओवर कुणाचेच पोट चालत नव्हते. बंद झालेली गाडी पुढे किती काळ चालेल, हे कंपनीच्या आश्वासनाइतकेच तिच्यावर किती लोकांची उपजीविका अवलंबून आहे यावर ठरते. इकोस्पोर्ट या दोन टोकांच्या मधोमध उभी आहे. ती भरपूर खपली, परदेशीही गेली. त्यामुळे तिचे भाग मिळतात. पण दरवर्षी रस्त्यावरील तिची संख्या घटणारच आहे.

कागदावरचा हिशेब

म्हणून अशा गाडीची किंमत ठरवताना ‘आज ती किती छान आहे’ हे पाहून भागत नाही. ‘पुढील किती वर्षे ती वाजवी खर्चात दुरुस्त होईल आणि शेवटी तिचे काय येईल’ हे मांडावे लागते. मुदतीच्या भाडेपट्ट्यावरील जागा घेताना उरलेली वर्षे मोजतात, तसाच हा प्रकार आहे. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या समोरच्या गाडीचे आकडे घालावेत.

समजा, २०१८ ची डिझेल इकोस्पोर्ट ५,२०,००० रुपयांना सांगितली जात आहे. टायर, बॅटरी, टायमिंग बेल्ट, सस्पेन्शनची किरकोळ कामे, विमा व नावनोंदणी यांना ८०,००० धरले. एकूण गुंतवणूक ६,००,०००. पाच वर्षे वापरून ती १,००,००० ला विकली गेली, तर घट ५,००,०००, म्हणजे वर्षाला १,००,०००. दुरुस्तीची राखीव रक्कम वर्षाला २५,००० धरली की वार्षिक भार १,२५,००० होतो.

दुसरीकडे, अजून उत्पादन चालू असलेली त्याच वर्षाची, त्याच वर्गातील गाडी ६,६०,००० ला आहे. तिच्यावर लगेचचा खर्च ४०,००० धरल्यास एकूण ७,००,०००. पाच वर्षांनी तिचे २,७५,००० आले, तर घट ४,२५,०००, म्हणजे वर्षाला ८५,०००. राखीव रक्कम १५,००० धरून वार्षिक भार १,००,००० होतो.

म्हणजे खरेदीच्या दिवशी १,४०,००० रुपयांनी स्वस्त वाटणारी गाडी प्रत्यक्षात वर्षाला २५,००० रुपयांनी महाग पडते. यावर व्यापारी म्हणेल की एक लाख कमी अडकले, त्याचे व्याज धरा. धरलेच पाहिजे. दहा टक्क्यांनी सरळव्याज वर्षाला १०,००० होते. तरीही १५,००० चा फरक उरतो; पाच वर्षांचे ७५,०००. विक्रेत्याने किंमत ५०,००० ने उतरवली, तर ते ५०,००० आणि त्यांवरील पाच वर्षांचे २५,००० व्याज मिळून हा फरक भरून निघतो. या उदाहरणात ४,७०,००० ही बरोबरीची किंमत झाली. भाग येईपर्यंत गाडी उभी राहण्याचा धोका पत्करायचा, तर त्याचा मोबदला म्हणून खरेदी याहूनही खाली व्हायला हवी.

या हिशेबात एक मोठा आकडा शेवटच्या विक्रीचा आहे. जे कुटुंब गाडी दर चार-पाच वर्षांनी बदलते, त्याने बंद मॉडेलपासून दूर राहिलेले बरे. जे कुटुंब गाडी अगदी शेवटपर्यंत वापरते, वर्षाला फार चालवत नाही आणि ज्याच्या घरी दुसरी गाडी आहे, त्याला हीच खरेदी लाभाची ठरू शकते. खाजगी गाडीची नोंदणी प्रथम १५ वर्षांची असते. २०१३ ची गाडी २०२८ पर्यंत आणि २०१८ ची २०३३ पर्यंत, हेही मोजणीत धरावे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला व उपकरही गेला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीने आपोआप उतरायला हवे. त्यापूर्वीच्या व्यवहारांचे दाखले देऊन कोणी भाव सांगत असेल, तर ते दाखले शिळे समजावेत.

कोणती घ्यावी, काय पाहावे

इकोस्पोर्टच्या सर्व आवृत्त्या सारख्या नाहीत. दीड लिटरचे डिझेल इंजिन व हाताने बदलायचे गिअर ही जोडी ग्रामीण भागात सांभाळायला सर्वांत सोपी. एक लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनात बेल्ट तेलात फिरतो. तेल चुकीचे घातले किंवा बदलायला उशीर केला, तर खर्च मोठा येतो. आधीच्या काळातील दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सची दुरुस्तीही गावातल्या गॅरेजचे काम नव्हे. बीएस-६ डिझेल गाडीत धूर गाळणारी जाळी असते. जी गाडी रोज केवळ घर ते दुकान दीड-दोन किलोमीटरच चालते, तिची ही जाळी तुंबत जाते. तिला अधूनमधून महामार्गावरची लांब धाव लागते.

पेट्रोल गाडी घेणाऱ्याने इंधनाचाही विचार करावा. आपल्या दोन्ही तालुक्यांत ऊस व साखर कारखान्यांचा पसारा मोठा. उसापासून निघणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट. परंतु एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक पेट्रोल गाड्या या प्रमाणासाठी बनवलेल्या नाहीत. सरासरी थोडी घटते आणि जुन्या गाडीतील काही रबरी नळ्या व गॅस्केट बदलावी लागू शकतात. बंद मॉडेलमध्ये हेच भाग पुढे मिळतील का, हे आधी विचारून ठेवणे इष्ट.

गाडी पाहताना सुट्या भागांची मनातल्या मनात दोन गटांत वाटणी करावी. तेल, फिल्टर, ब्रेकपॅड, टायर, बॅटरी, सस्पेन्शनचे रबर यांसाठी बारामतीतील चांगला मिस्त्री पुरेसा आहे. त्यांच्या झिजेवर भाव कमी करून घ्यावा आणि पुढे जावे. मागचे दार, दिव्यांचे संच, बंपर, वायरिंगचे जाळे, एबीएसचा संच, एअरबॅगची यंत्रणा, दुसरी किल्ली हा दुसरा गट. यांतील एखादी वस्तू जरी बिघडलेली असली, तरी ती मिळण्याची तारीख आणि किंमत लेखी कळल्याशिवाय इसार देऊ नये. उसाच्या पट्ट्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात, तेही तपासावे. मागच्या दारावर चाकाचा भार असतो, म्हणून त्याची बिजागरे सैल झाली आहेत का हे दार चार वेळा उघडून पाहावे. ते बाजूला उघडते, त्यामुळे गल्लीत मागे दुसरी गाडी लागली असेल तर सामान काढता येत नाही, हीसुद्धा दुकानदाराने ध्यानात घेण्याची बाब. शेवटी अधिकृत सेवाकेंद्रातून चॅसिस क्रमांकावरून दुरुस्तीचा इतिहास काढावा. मीटरवरचे किलोमीटर आणि त्या इतिहासातले किलोमीटर जुळले पाहिजेत. सेवाकेंद्र पुण्याला असेल, तर बारामतीहून जाण्याचे सुमारे शंभर किलोमीटर व दुकानाचा एक दिवस दरवेळी खर्ची पडणार, हेही वार्षिक भारात मिळवावे.

विमा आणि कागदपत्रे

मोटार विम्यात गाडीचे मूल्य पहिल्या पाच वर्षांत ठरलेल्या घसारा-कोष्टकाने काढतात. पाच वर्षांवरील आणि उत्पादन बंद झालेल्या गाड्यांचे मूल्य मात्र विमा कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते. हप्ता वाचवण्यासाठी ते फार खाली धरले, तर गाडी पूर्ण निकामी झाल्यास भरपाईही तेवढीच. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, बॅटरी व एअरबॅगच्या किमतीतून ५० टक्के घसारा वजा होतो. ज्या गाडीचे भागच मुश्किलीने मिळतात, तिच्या मालकाला ही वजावट अधिक बोचते. जुन्या मालकाची विनादावा सवलत नव्या मालकाकडे येत नाही. कायद्याने तृतीय पक्षाचा विमा गाडीबरोबर येतो. पण विमा कंपनीला १४ दिवसांत कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई अडकते.

नोंदणीच्या बाबतीत विक्रेत्यालाही जपावे लागते. एमएच-४२ ही बारामतीची नोंदणी. गाडी पुण्याची किंवा सोलापूरची असेल, तर तेथील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते का ते पाहावे. हस्तांतरासाठी नमुना २९ व ३०, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेच्या पत्रासह नमुना ३५ आवश्यक. कर्ज फिटल्याचे तोंडी सांगणे पुरेसे नाही; नोंदणीपुस्तकावरील बोजा उतरला पाहिजे. थकलेले ई-चलनही त्याच वेळी मिटवून घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात ६ फेब्रुवारी २०१८ रोजी स्पष्ट केले की, गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेली असली, तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. ओळखीतला आहे म्हणून सह्या केलेले कोरे नमुने देऊन किल्ली सोपवणाऱ्याने हा निकाल लक्षात ठेवावा. १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत जुन्या-मोटार विक्रेत्याकडे गाडी देताना त्याची सूचना परिवहन विभागाकडे नोंदवण्याची सोय झाली आहे. तिचा उपयोग करावा.

गाडी पेढीच्या नावावर घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्यासाठी काही नियम माहीत असावेत. मोटारीवर प्राप्तिकरात १५ टक्के घसारा मिळतो, पण एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख देऊन घेतलेला भाग त्या किमतीत धरला जात नाही. विक्रेत्यालाही एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाही. विक्रेता जीएसटी नोंदणीकृत पेढी असेल आणि त्याने घसारा घेतला असेल, तर विक्रीची किंमत व पुस्तकी किंमत यांतील फरकावर १८ टक्के कर लागतो. पुस्तकात १,५०,००० उरलेली गाडी ४,७०,००० ला विकली, तर ३,२०,००० वर ५७,६०० रुपये कर झाला. तो सांगितलेल्या किमतीत आहे की वेगळा, हे बोलणी संपण्यापूर्वी विचारावे. घरगुती व्यक्तीने आपली खाजगी गाडी विकली, तर हा कर नाही.

विकणारा आणि घेणारा दोघेही बहुधा एकाच बाजारपेठेतले, एकमेकांच्या लग्नाकार्यात भेटणारे. गाडीला झालेला अपघात किंवा बदललेला भाग विक्रेत्याने आधीच सांगितला, तर भाव वीस-पंचवीस हजारांनी उतरेल. लपवला, तर सहा महिन्यांत तो गॅरेजमध्ये उघड होईल आणि त्याची चर्चा दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत येईल. घेणाऱ्यानेही हिशेबाचा कागद विक्रेत्यासमोर उघडा ठेवून किंमत मागावी. बंद मॉडेलला कमी भाव देणे हा विक्रेत्याचा अपमान नाही. पुढील पाच वर्षांचा भार कोण उचलणार याची ती सरळ वाटणी आहे. ती वाटणी मान्य होत नसेल, तर व्यवहार तेथेच सोडून द्यावा. बाजारात दुसरी गाडी मिळतेच.